वाचणाऱ्याची जागा

दिवाळी उरकली की भोर-वेल्ह्याच्या बाजूला दोन कामं एकदम अंगावर येतात. खाचरांतला भात कापून झोडायला घेतात आणि विद्यापीठाचं परीक्षेचं वेळापत्रक लागतं. परीक्षा म्हटलं की इतरांना काय आठवतं ते मला ठाऊक नाही. मला मानेला टोचणारं भाताचं कूस आठवतं. पहाटे उठून पेंढ्या झोडायच्या, अंगावर दोन तांबे घ्यायचे, शर्ट बदलायचा आणि कामथडीच्या थांब्याकडे पळायचं. कूस काही धुतल्यानं जात नाही. ते आपल्याबरोबर बसमध्ये चढतं, वर्गात येतं, परीक्षेच्या बाकावरही शेजारी बसतं.

आता मी शहरात कनिष्ठ महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो. राहतो मात्र कामथडीतच आणि जातो-येतो त्याच एसटीनं. या आठवड्यात पुन्हा झोडणी लागली आहे. सकाळी थांब्यावर उभा राहिलो की ओल्या पेंढ्याचा वास आणि महामार्गावरच्या डिझेलचा वास एकमेकांत मिसळून येतो. तो वास आला की मला माझं दुसरं वर्ष आठवतं, त्या वर्षीची हिवाळी परीक्षा आठवते, आणि खरं सांगायचं तर अजून राग येतो. हा राग मी मुद्दाम जपला आहे. माझ्या घरात माझ्याआधी कुणी पदवीधर नव्हतं. विद्यापीठानं मला जे दिलं त्याबद्दल मी कृतज्ञ आहे आणि राहीन. पण उपकार मानायचे म्हणजे मान खाली घालायची, असं मला कुणी शिकवलेलं नाही. उलट शिकवलं ते त्याच वर्षी, आणि ते बसमध्ये.

आमचं विद्यापीठ पुण्यात. वसतिगृह छोटं, तिथे जागा मिळणं नशिबाची गोष्ट. निम्म्याहून अधिक मुलं रोज सकाळी यायची आणि संध्याकाळी परत जायची. भोरहून स्वारगेटला जाणाऱ्या गाडीत आमची मागची बाजू भरत जायची ती ठरलेल्या क्रमानं. भोरला ओंकार चढायचा. त्याची आई बँकेत, काका वकील. घरात पुस्तकांचं कपाट असलेला आमच्यातला तो एकटाच. कापूरहोळला रेहाना यायची. फाट्यावर तिच्या वडिलांचं गॅरेज होतं आणि तिच्या वहीच्या कडांना कायम ग्रीसचे डाग असायचे. कामथडीला मी. नसरापूरच्या फाट्यावर संगीता. ती विंझरच्या वरच्या अंगाला असलेल्या कातकरी वस्तीवरची, अंधार असतानाच जीप पकडून फाट्यापर्यंत यायची. आणखी पाच जण होते. आम्ही नऊही जण एकाच वर्गात, विषय समाजशास्त्र. कात्रजच्या बोगद्यापर्यंत पाय ठेवायला जागा नसायची.

शहरातली मुलं आम्हाला ‘यष्टीवाले’ म्हणायची. त्यात फार वाईट हेतू नव्हता. दुपारी चारनंतर संमेलनाच्या तालमी असायच्या, वादविवाद असायचे, चहाच्या टपरीवर गप्पांचा अड्डा जमायचा, आणि आम्ही तेव्हा स्वारगेटला रांगेत उभे असायचो. त्यामुळे यष्टीवाले मिसळत नाहीत, आपापल्यातच राहतात, असं एक मत पक्कं झालं होतं. आमच्या मॅडमनीही एकदा वर्गात ते काळजीच्या सुरात बोलून दाखवलं. त्याच वर्षी विद्यापीठानं एक प्रश्नावली वाटली. प्रवेशद्वाराजवळ विविधतेबद्दलचा मोठा फलक लावला होता, हसणाऱ्या मुलामुलींची चित्रं काढलेला, त्याच्याशी तिचा काहीतरी संबंध होता. त्यात एक प्रश्न असा होता की इतर जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांबरोबर तुम्ही किती वेळ घालवता. मी लिहिलं, “रोज तीन तास, उभ्याने.” कागद परत आला तेव्हा कुणीतरी खाली रेघ मारून पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘थट्टा’. ती थट्टा नव्हती.

पण बस म्हणजे स्वर्ग होता असंही नाही. पहिल्या वर्षी आम्ही एकमेकांना आडनाव विचारून मगच सरकून जागा देत होतो. डबा बसमध्ये उघडायचा नाही, असं मला आईनं बजावलं होतं आणि त्यामागचं कारण आम्हा दोघांनाही माहीत होतं. बसलेल्यानं उभ्या असलेल्याची पिशवी मांडीवर घ्यायची ही एसटीतली जुनी रीत. एके दिवशी मला जागा मिळाली होती. संगीता फाट्यावर चढली, माझ्याशेजारी उभी राहिली, आणि मी तिची पिशवी घेतली नाही. आधीच दोन पिशव्या माझ्या मांडीवर होत्या, तिसरी सहज मावली असती. मी बाहेर बघत बसलो. रेहाना मागून म्हणाली, “दत्ता, खिडकीत काय पिक्चर लागलाय का?” आणि तिनं संगीताच्या हातातली पिशवी ओढून माझ्या मांडीवर आदळली. पिशवीत वही, डबा आणि एक विळा होता. तास लवकर सुटले की संगीता परत जाऊन कुणाच्या तरी खाचरात कापणीला जायची. तो विळा वर्तमानपत्रात नीट गुंडाळून सुतळीनं बांधलेला होता, दुसऱ्या कुणाला लागू नये म्हणून. मी स्वारगेटपर्यंत तो मांडीवर घेऊन बसलो. त्या प्रवासात मला जे कळलं ते पुढे कुठल्याही पाठात आलं नाही.

वाचणाऱ्याच्या जागेचा नियम दुसऱ्या वर्षी, याच दिवसांत लागला. परीक्षा तोंडावर होती. घरी अभ्यास होणं शक्य नव्हतं, कारण घरोघरी झोडणी चालू. उरलेला वेळ बसमधला, आणि उभ्यानं एका हातानं दांडी धरून वही उघडता येत नाही. ओंकारला भोरपासून जागा असायची. तो आपला पुस्तक उघडून मनात वाचत बसायचा. दोन दिवस रेहानानं ते सहन केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “बसलायस तर मोठ्यानं वाच की. आमीबी परीक्षेलाच चाललोय.” ओंकार बिचारा वाचायला लागला, पण बातम्या द्याव्यात तसा. शेवटी तिनं त्याला उठवलंच. ऊठ म्हणाली, वाचणाराच बसंल.

तो कायदा झाला. खिडकीजवळची ती जागा ज्याची वाचायची पाळी त्याची. वाचताना झोप लागली तर जागा गेली. हळू वाचलं तर मागून ओरडा. समजलं नाही तर थांबवून विचारायचं, आणि वाचणाऱ्यानं आपल्याकडचं उदाहरण देऊन सांगायचं. बहुतेक वेळा रेहानाच वाचायची, कारण इंजिनावर आवाज चढवायची तिला गॅरेजमध्ये सवय झाली होती. कंडक्टरना आम्ही मास्तर म्हणायचो, सगळेच म्हणतात. ते तिकिटं फाडता फाडता ऐकत राहायचे आणि मध्येच, काल तर हे वेगळं सांगितलं होतं, असं म्हणायचे. ऐकायला आमच्याशिवाय दूधवाले असत, दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्या असत. कात्रजचा बोगदा आला की वाचन आपोआप थांबायचं. अंधार व्हायचा आणि आवाजही घुमायचा. गाडी उजेडात आली की मागून कुणीतरी म्हणायचं, हं, पुढं. आणि जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू.

असंच एका सकाळी ‘सामाजिक गट’ हे प्रकरण निघालं. गट कशाला म्हणायचं ते सांगून झाल्यावर पुस्तकात गट कशाला म्हणायचं नाही तेही दिलं होतं, आणि उदाहरण होतं बसमधल्या प्रवाशांचं. ते योगायोगानं एकत्र येतात, त्यांच्यात परस्परसंबंध नसतात, आपलेपणाची जाणीव नसते, नियम नसतात, उतरले की संपलं. म्हणून बसमधले प्रवासी हा सामाजिक गट नव्हे.

रेहाना वाचायची थांबली. बोगदा अजून लांब होता. दांडीला लोंबकळणारे सात जण, त्या दिवशी जागा मिळालेला मी आणि पुस्तक धरलेली ती, सगळे एकमेकांकडे बघत होतो. मग जे भांडण सुरू झालं ते शिंदेवाडी ओलांडेपर्यंत चाललं. ओंकार पुस्तकाच्या बाजूनं. तो म्हणत होता, लेखकानं सर्वसाधारण बसबद्दल लिहिलंय, आपल्याबद्दल नाही. संगीता एरवी कमी बोलायची. ती म्हणाली, “माझी पिशवी कुनाच्या मांडीवर हाय ते मला बघावं लागत न्हाई. मग संबंध न्हाई कसा?” पिशवी त्या वेळी माझ्या मांडीवर होती. माझ्यापुरता वाद तिथेच मिटला. मग एकेक जण भर घालत गेला. फाट्यावर कुणी दिसलं नाही तर आपण मास्तरांना गाडी थांबवायला लावतो. वाचणाऱ्याला जागा हा नियम आहे, तो मोडला तर शिक्षाही आहे. शेवटी रेहाना ओंकारला म्हणाली, की तू आत्ता अर्धा तास आमच्याशी भांडतोयस, परक्याशी कुणी इतकं भांडतं का. ओंकार हसला आणि त्यानं पुस्तकात त्या ओळीशेजारी पेननं फुली मारली.

आणि परीक्षेत तोच प्रश्न आला. बसमधील प्रवाशांना सामाजिक गट म्हणता येईल का, कारणे द्या. दहा गुण. आम्ही नऊ जण तीन वेगवेगळ्या खोल्यांत बसलो होतो. नऊही जणांनी लिहिलं, होय, म्हणता येईल. नऊही जणांनी कारणं तीच दिली आणि त्याच क्रमानं दिली. आधी मांडीवरची पिशवी, मग न आलेल्या माणसासाठी थांबलेली गाडी, मग नियम, शेवटी भांडण. पुस्तकातलं उत्तर लिहिलं तर दहापैकी आठ सहज मिळतात, हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. मी लेखणी उचलली तेव्हा पुस्तकातलं वाक्य मला तोंडपाठ होतं. ते लिहायला हात धजला नाही, एवढंच.

निकाल लागला तेव्हा नऊ जणांच्या नावापुढे ‘राखून ठेवला’ असं होतं. सामूहिक कॉपीचा संशय. कार्यालयातून निरोप आला की कॉपी केल्याचं लिहून सही द्या, फक्त हा एक पेपर रद्द होईल. सही दिली नाही आणि चौकशीत दोषी ठरलात तर सगळं सत्र जाईल.

त्या संध्याकाळी परतीच्या बसमध्ये वाचन झालं नाही. ओंकारच्या काकांचं मत होतं की सही करून मोकळं व्हावं, वर्ष वाचेल. माझ्याही मनात तेच होतं, हे मी लपवत नाही. एक पेपर उन्हाळ्यात पुन्हा देता आला असता. ज्याच्या घरात कुणी शिकलेलं नाही त्याला सत्र जाणं म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. पण संगीताचं तर त्याहून अवघड होतं. तिच्या घरची माणसं भातकापणी झाली की वीटभट्टीवर जायची, पार पावसाळा तोंडावर येईपर्यंत. ती एकटी मावशीकडे मागे राहिली होती, एवढ्या एका अटीवर की कुठल्याच पेपरात अडकायचं नाही. अडकली की शिक्षण बंद आणि भट्टी. म्हणजे सही केली तरी तिचं शिक्षण संपत होतं, आणि नाही केली तर बहुधा संपणारच होतं. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. ती म्हणेल तसं करायचं, हे न बोलता ठरलं होतं.

गाडी नसरापूरच्या फाट्याला लागली. ती उतरायला उठली, पिशवी घेतली आणि दारात थांबून म्हणाली, “नापास झाले म्हनून मी घरी सांगीन. चोरी केली म्हनून न्हाई सांगनार.”

मास्तरांनी घंटी मारायला जरा उशीरच केला. रात्री ओंकारनं सगळ्यांना मोबाईलवर निरोप पाठवला की मीही सही करणार नाही.

चौकशी तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत होती. समितीचे अध्यक्ष वयस्कर, मवाळ बोलणारे. शेजारी आमच्या मॅडम. पेपर तपासताना त्यांनाच हे आढळलं होतं, आणि त्यांनी ते वर कळवलं यात मला आजही गैर वाटत नाही. अध्यक्षांनी शांतपणे विचारलं, की नऊ जणांचं एकच चुकीचं उत्तर, एकाच क्रमानं, हे कसं घडलं ते तुम्हीच सांगा. रेहाना पुढे उभी होती. ती गावाकडचं बोलणं बाजूला ठेवून अगदी पुस्तकी मराठीत बोलली.

“सर, बाकी सगळ्या वर्गाचं पुस्तकातलं उत्तर शब्दाला शब्द सारखं आलंय. त्यांना का बोलावलं नाही?”

मला आयुष्यात पहिल्यांदा असं वाटलं की आपण या इमारतीत पाहुणे नाही.

मग आम्ही वाचण्याचा नियम सांगितला. त्यांना तो खरा वाटेना, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मलाही वाटला नसता. मॅडमना मात्र काहीतरी सुचलं. त्यांनी आम्हाला बाहेर बसवलं आणि एकेकाला आत बोलावून, परीक्षेत न आलेलं ‘कुटुंब’ हे प्रकरण सुरुवातीपासून म्हणायला सांगितलं. माझी पाळी आली. मी म्हणू लागलो. रेहानाचा आवाज डोक्यात होता, तोच तोंडातून येत होता, तिची कापूरहोळच्या गॅरेजची उदाहरणंही. विभक्त कुटुंबाच्या कारणांपाशी आलो आणि एका वाक्याच्या मध्येच थांबलो. मॅडमनी विचारलं, विसरलास का. मी म्हणालो, नाही मॅडम, इथे बोगदा येतो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी सहावा होतो. माझ्याआधीचे पाचही जण त्याच वाक्यात, त्याच शब्दाला थांबले होते. नंतरचे तिघंही तिथेच थांबले. संगीता शेवटची. ती थांबली तेव्हा म्हणे मॅडमच म्हणाल्या, “हं, पुढे.”

कॉपीचा आरोप मागे घेतला गेला. तसं पत्रही मिळालं. पण निरोप देताना अध्यक्ष म्हणाले, की उत्तर मात्र चुकीचंच आहे, तेवढं लिहून द्या म्हणजे फाईल बंद करता येईल. कागद पुढे आला. ओंकारनं तो घेतला, ज्यानं बसमध्ये पुस्तकाची बाजू लढवली होती त्या ओंकारनं, आणि लिहिलं, ‘उत्तर आमचे आहे.’ खाली नऊ सह्या. आधी नाकारलेल्या सह्या आम्ही तिथे केल्या.

गुण मिळाले शून्य. नऊ जणांना, दहापैकी शून्य. संगीता बाकीच्या प्रश्नांवर तरली. काठावर, पण पास झाली, आणि भट्टीवर गेली नाही. आज ती वेल्ह्याकडे ग्रामपंचायतीत ग्रामसेवक आहे. लोक तिच्यासमोर कागद ठेवतात तेव्हा ती तो आधी मोठ्यानं वाचून दाखवते आणि मगच अंगठा किंवा सही घेते. रेहाना कापूरहोळलाच मुलांच्या शिकवण्या घेते. ओंकार काकांच्या हाताखाली वकिली करतो, आणि भेटला की अजूनही भांडतो.

आणि मी ते प्रकरण शिकवतो. दर वर्षी. पुस्तकं बदलली, बसमधले प्रवासी तिथेच आहेत. वर्गात अर्धी मुलं बाहेरगावची असतात, शिरवळची, भोरची, पानशेतकडची. मी त्यांना पुस्तकातलं उत्तर सांगतो, कारण गुण त्यालाच आहेत आणि त्यांचं वर्ष माझ्या रागापेक्षा मोठं आहे. मग विचारतो, आज सकाळी येताना तुमची पिशवी कुणाच्या मांडीवर होती? वर्ग आधी हसतो. मग एकेक जण नाव सांगू लागतो. विविधतेवरचे फलक आता आमच्याही भिंतीवर आहेत. त्यांना माझा विरोध नाही. पण माणसं एकमेकांत मिसळली की नाही हे चारनंतरच्या तालमीत मोजणाऱ्यांनी एकदा सकाळची भोर गाडी धरावी. बसायला जागा मिळेल या आशेनं मात्र येऊ नये.

परवाचीच गोष्ट. मला जागा मिळाली होती. फाट्यावर एक मुलगी चढली, खांद्यावर सॅक, केसांत पेंढ्याची एक काडी, कानांत ती मोबाईलची बोंडं. दांडी धरून डोळे मिटून ती ओठ हलवत होती. ते ओठ मी ओळखतो. मी तिची सॅक मांडीवर घेतली आणि कसला पेपर म्हणून विचारलं. रसायनशास्त्र, म्हणाली. पाठ होतंय का? न्हाई सर, धक्के लई बसतात. मी उठलो. बस म्हटलं, पण मोठ्यानं वाचायचं, आमच्या गाडीचा नियम आहे. ती लाजली, इकडेतिकडे पाहिलं, आणि वाचू लागली. आम्लं आणि अल्कली यांतलं कुणालाही काही कळत नव्हतं. तरी आजूबाजूचं बोलणं कमी होत गेलं. एका पोरानं कानातली वायर काढली. दवाखान्याला निघालेल्या एका म्हातारीनं पाटी पायांत ओढून तिला नीट बसायला जागा करून दिली.

मग बोगदा आला. मुलगी थांबली. अंधारात इंजिनाचा आवाज भिंतींवर आपटत राहिला. मी दांडी धरून उभा होतो, मानेला कूस टोचत होतं, आणि मी वाट बघत होतो.

गाडी उजेडात आली. म्हातारी म्हणाली, “हं, पुढं.”